साडेसातशेचा चष्मा, घरपोच

...आणि वर मलाच इचारतो, "काका, घ्यायचाय का नुसता भाव काढून राहिलात?" मला! तुम्हाला सांगतो, वीस वर्षं झाली मी डाळमिलच्या वजनकाट्यावर बसून राहिलोय, तुरीचे ट्रकच्या ट्रक माझ्या नजरेखालून जातेत, आख्ख्या लातुरात मला मापात कुणी फसवून दाखवावं, मिशी उतरवून देतो... आणि ह्यो जावेद, स्टँडसमोरच्या चष्म्याच्या दुकानातला, मला म्हणतो, चोवीसशे! कशाचे? दोन काचा, दोन काड्या, मधी नाकावर टेकवायला एक कमान. चोवीसशे! मी म्हणलं, बाबा रे, चष्मा मागितलाय, दुकान न्हाई!

आता चष्मा काय माझ्यासाठी न्हाई हं. माझे डोळे ठणठणीत. काट्यावरचे आकडे एवढे-एवढे, लाल भडक, मला पार कँटीनपासून दिसतेत. मिलमधी डोळ्याचं शिबिर झालं तवा डॉक्टरीणबाईनं मलाबी एक कार्ड लिहून दिलं, म्हणली, "मारोतीराव, जवळचा लावा आता, चाळिशी आली." मी म्हणलं हाव, आणि कार्ड नेऊन घातलं घरी बिस्किटाच्या डब्यात. चाळिशी मालकाला येती, काट्यावाल्याला कशाची चाळिशी? चष्मा पाहिजे होता माझ्या लेकीला, लुंबिनीला. तिचंबी कार्ड त्याच बाईनं लिहिलेलं, तेबी त्याच डब्यात.

लुंबिनी नीटची तयारी करून राहिलेली. लातुरात आता क्लासशिवाय हाय काय? मुरुडची पोरं, हदगावची पोरं, एका हॉलात तीनशे पोरं कोंबलेली, आणि बाक कसा मिळतो म्हणता? मार्कावर! दर रविवारी टेस्ट, मार्क पडले की बाक मागं. आणि हिच्या जुन्या चष्म्याची काडी मोडली, तिच्या आईनं चिकटपट्टी गुंडाळून दिली, वर नंबर वाढलेला! फळा दिसंना म्हणून मार्क पडले, मार्क पडले म्हणून बाक मागं, बाक मागं म्हणून फळा अजूनच दिसंना... आलं का ध्यानात? आणि परीक्षेच्या हॉलात हाताला घड्याळ बांधायला बंदी! भिंतीवरचं बघायचं. लेक मला म्हणली, "पप्पा, बाकी सगळं मी करते, मला फकस्त भिंतीवरचं घड्याळ दिसलं पाहिजे." एवढंच मागणं! दोन वर्षं पोरीनं मान वर केली न्हाई, आणि अडलं कशावर, तर घड्याळावर. परीक्षेला महिना राहिला होता.

म्हणून तर गेलो ना जावेदकडं! आणि त्यानं चोवीसशे म्हणल्याबरोबर मी खिशातून मोबाईल काढला आणि धरला त्याच्या नाकापुढं. बघ म्हणलं! गुलाबी फ्रेम, काडीवर फुलं, किंमत वाच! साडेसातशे! घरपोच! डायरेक्ट चीनहून!

त्यानं बघितलं. हसला. "काका, हे काचेसकट हायेत का नुसत्या फ्रेमचे? आणि नंबर बसला न्हाई तर दाखवायला कुठं जाशाल, चीनला?"

"जाईन!" मी म्हणलं. "चालत जाईन!"

मागं म्हातारे खाजामियाँ, जावेदचे वडील, काच घासून राहिले होते. त्यांनी मान वर केली. "मारोती, बैठ तो सही. बात तो कर." मी काय बसलो न्हाई. म्हणलं, बात काय करायची, चाचा? भाव पडद्यावर लिहिलेला हाय! आणि निघालो.

आता खाजामियाँ कोण, हे सांगितलंच पाहिजे, न्हाईतर तुम्हाला माझा कमीनेपणा नीट कळायचा न्हाई. त्र्याण्णवचा भूकंप. आमचं गाव किल्लारीच्या अंगाला. मी दहा वर्षांचा. घर बसलं, मी निघालो, माय निघाली, बापू निघाले न्हाईत. मायचा चष्मा आतच राहिला. पुढं पत्र्याच्या शेडात राहून राहिलो होतो, तिथं एक दिवस हे खाजामियाँ चष्म्याची पेटी घेऊन आले. माझ्या मायला, सरजाबाईला, अक्षर वाचता येत न्हाई, मग नंबर काढायचा कसा? ह्या माणसानं तिच्यापुढं सूप ठेवलं, मूठभर तांदूळ वतले, म्हणले, "कंकर चुन, बहन." पहिला चष्मा लावला, मायनं दोन खडे काढले. दुसरा लावला, चार. तिसरा लावला आणि तिनं सगळे खडे काढले, वर म्हणली, "दादा, ह्यात एक सोंडा किडाबी हाय की." खाजामियाँ म्हणले, बस, हाच नंबर! पैशाचं नाव काढलं न्हाई त्यांनी. आणि माय तो चष्मा लावून इकडं-तिकडं बघितली आणि रडाया लागली. तोवर रडली नव्हती ती. म्हणली, आता दिसाया लागलं, आता कळलं काय-काय गेलं.

अशा माणसाच्या दुकानातून मी ताडताड पाय आपटत निघून आलो. का? साडेसातशे! घरपोच! चीनहून!

घरी आलो, डबा उघडला, कार्डाचा फोटू काढला, पाठवला. मग ती साइट इचारती, दोन डोळ्यांमधलं अंतर किती? लेक क्लासला गेलेली. मी म्हणलं, पोरगी माझ्यावरच गेलीय, आरशापुढं उभं ऱ्हायलो आणि पट्टी लावून माझंच अंतर टाकलं. पत्ता लिव्हला, पाण्याच्या टाकीजवळ, काट्यावाले मारोतीराव, कुणालाबी इचारा. खाली मुंग्यांएवढ्या अक्षरात काय-काय इचारून राहिले होते. मी आपलं हाव, हाव, हाव करत गेलो, बँकेचा ओटीपीचा आकडा आला, तोबी डोळे बारीक करून टाकला, आणि झालं! मायला म्हणलं, बघ, तुझ्या खाजामियाँचे किती रुपये वाचवले. माय आपली सुपातले तांदूळ पाखडत राहिली.

आणि मग ते पार्सल निघालं... सुटलं... काय त्याची वरात सांगू! आज चीनच्या गोदामात. आठ दिवसांनी इमानात. मग दिल्लीत पाच दिवस मुक्काम, जणू पाव्हण्याकडं गेलंय. रोज सकाळी लुंबिनीची आई इचारती, "आलं का हो?" मी म्हणायचो, आलं, आलं, निघालंय. एक दिवस बघतो तर नांदेड! म्हणलं वा, आता काय, नांदेडहून लातूर कितीसं लांब! दुसऱ्या दिवशी बघतो तर हदगाव! हदगाव? हदगावात माझं कोण हाय? पार्सलवाल्याचा फोन आला, "साहेब, टाकीजवळ उभा हाय, हितं कुणी मारोतीराव न्हाई म्हणून राहिलेत." अरे, तू हदगावच्या टाकीजवळ उभा हाईस! पिनकोडातले दोन आकडे उलटे पडले होते. कुणी पाडले? मीच! पण तवा कळलं का मला? मी त्यालाच झापला. पार्सल गेलं माघारी, पिनकोड त्यांनीच सुलटा केला, आणि पुन्हा पयल्यापासून फिराया.

आणि हिकडं एक नवल. लुंबिनीचे मार्क! पयल्या रविवारी पाचशेचाळीस, पुढच्या रविवारी पाचशेऐंशी, मग सहाशेदहा! चष्मा तोच, चिकटपट्टीचा, घरात माझ्यापुढं तोच घालून पुस्तकात नाक खुपसून बसलेली. मी म्हणलं हे कसं झालं? तर माझ्या बोलण्यानं! कारण मी रोज जेवताना सुनावून राहिलो होतो ना, "चष्म्यावर काय असतंय, मनावर असतंय! आम्ही रॉकेलच्या चिमणीवर शिकलो!" मिलमधी सगळ्यांना सांगून आलो, पोरगी बिनचष्म्याची वर चाललीय, निसती जिद्द! काय ताठ्यात बोलत होतो मी... आठवलं की अजून कानशिलं गरम होतेत.

पण मनातून, तुम्हाला खरं सांगतो, मी पार टरकलो होतो. परीक्षा चार दिवसांवर आली आणि पार्सल दिसंनाच कुठं. काट्यावर ट्रक उभा असायचा आणि माझ्या डोळ्यांपुढं ती भिंत, तिच्यावरचं धुरकट घड्याळ, आणि खाली माझी लेक डोळे चोळून राहिलेली. कशापायी? साडेसोळाशे रुपयांपायी. बापानं पोरीचं आयुष्य साडेसोळाशेला तोललं! शेवटी म्हणलं, मारोती, गेली इज्जत तर जाऊ दे, आणि गेलो खाजामियाँकडं. जावेद न्हवता. म्हातारे एकटेच. मी खाली मान घालून म्हणलं, "चाचा, लेकीचा चष्मा करा. चोवीसशे तर चोवीसशे. दोन दिवसांत द्या, पाया पडतो."

त्यांनी काच खाली ठेवली. "बिटिया का चष्मा? वो तो कबका ले गयी."

"कोण?"

"तू पाँव पटक के गया ना, उसके दूसरेच दिन. अम्मा लेके आयी थी."

माय! माझी माय, सरजाबाई, दुसऱ्याच दिवशी नातीला घेऊन तिथं जाऊन आली होती! पोरगी तीन हप्त्यांपासून नवा चष्मा लावून क्लासला जाऊन राहिली, आणि घराच्या कोपऱ्यावर आली की तो दप्तरात आणि चिकटपट्टीचा नाकावर. कशाला? तर पप्पांना वाईट वाटू नये! आणि मी तिला रॉकेलची चिमणी सांगून राहिलो होतो...

राग यायला पाहिजे होता, न्हाई का? अहो, कशाचा राग! तसाच बाकड्यावर बसलो आणि दोन्ही हात तोंडावर घेऊन बसून राहिलो. पोरीला दिसत होतं! तीन हप्ते झाले दिसत होतं! महिन्याभराचं वझं एकदम उतरलं बगा, इतकं हलकं तर मला ट्रक रिकामा झाल्यावरबी वाटत न्हाई. खाजामियाँनी चहा सांगितला.

मग हळूच इचारलं, "चाचा, मायनं चोवीसशे कुठून दिले?"

"कायके चोवीसशे?" म्हातारा हसाया लागला. "चौदा सौ को तोडा तेरी माँ ने. एक घंटा बैठी, चाय पी, ऊपरसे डब्बी भी ले गयी. अरे मारोती, चोवीसशे तो बोलने का भाव है रे, लेने का थोडीच है! मैं बोला ना तेरेकू, बैठ तो सही?"

ऐका! वीस वर्षं मी बाजारात काढली, आणि दुकानातला पयला भाव बोलणं सुरू करण्यासाठी असतोय, हे मी इसरलो? का इसरलो? मोबाईलमुळं! साडेसातशे! घरपोच! चीनहून!

परीक्षेच्या दिवशी फाटकाबाहेर आम्ही तिघं, मी, तिची आई, माय, कडक उन्हात उभे. लेक बाहेर आली. मी काय इचारणार, पेपर कसा गेला म्हणून? तीच म्हणली, "पप्पा, घड्याळ दिसलं. काटा पण दिसला, सेकंदाचा." मी तिथं, सगळ्या पालकांपुढं, हमसून हमसून रडलो. निकाल अजून लागायचाय, लागंल तसा लागंल, पण घड्याळ तर दिसलं!

आणि त्यानंतर आठ दिवसांनी... बरोबर! आलं पार्सल! पोस्टमन म्हणला, "परदेशातलं हाय, कर भरा, पाचशेतीस." भरले. उघडलं. लुंबिनीनं गुलाबी चष्मा डोळ्याला लावला आणि भिंत धरली, "पप्पा, भोवळ आली!" मी म्हणलं आण हिकडं, चिन्यानं फसवलं बघ, आणि नुसता बघायला म्हणून डोळ्यावर चढवला...

अहो, कॅलेंडरवरचे बारीक आकडे दिसाया लागले! तांदळाच्या पिशवीवरची अक्षरं, मोबाईलवरचे मेसेज, सगळं लख्ख! डबा आणला, कार्ड बघितलं. वर नाव कुणाचं? मारोती! मी माझ्याच कार्डाचा फोटू पाठवला होता. बिनचष्म्याच्या माणसाला कार्डावरचं नाव वाचता येत न्हाई, आणि म्हणून त्याचा चष्मा बनून येतो, सांगा आता! नवा चष्मा लावून पयला काय वाचलं असंल, तर त्या साइटनं धाडलेला महिन्यामागचा बिलाचा मेसेज. फ्रेम साडेसातशे, काच वेगळी सहाशेचाळीस, धाडायचा खर्च चारशेऐंशी. त्यात पोस्टमनचे पाचशेतीस मिळवा. मिळवा, मिळवा! किती झाले?

चोवीसशे! वर एक रुपया न्हाई, खाली एक रुपया न्हाई! जावेदचा भाव चोवीसशेहून सुरू होऊन खाली आला आणि माझा साडेसातशेहून सुरू होऊन चोवीसशेला जाऊन टेकला, आणि तिथं बात करायला कुणी बाकडंबी टाकलेलं न्हाई!

काडी कानाला रुतत होती. आता चीनला कोण जाणार? गेलो खाजामियाँकडंच. त्यांनी काडी गरम केली, वाकवली, कानामागं बोट फिरवून बघितलं, पैसे घेतले न्हाईत. जावेद गल्ल्यामागं तोंड लपवून हसून राहिला होता. मी म्हणलं, हस बाबा, तुझा हक्क हाय. मिलमधी तर आता ट्रकवालेबी गुलाबी शेठ म्हणून हाक मारतेत.

आणि घरी आलो, तर माझी माय काय करावी? माझ्याकडं निरखून बघितली, आपला चष्मा काढून पदराला पुसला, डबीत ठेवला, आणि सूप माझ्याकडं सरकवून म्हणली, "चोवीसशेचा हाय नव्हं? मग निवड."

तवापासून रोजचे खडे माझ्याकडं हायेत. घरपोच.