टक न करणारा रिले

नाही, म्हणजे मला एक सांगा, दार सताड उघडं आहे, दारात मी उभा आहे, चांगला पोट सुटलेला माणूस, आणि समोरचं पॅनेल हिरवा दिवा लावून म्हणतंय, दार बंद... आता मी डोळ्यांवर विश्वास ठेवू की दिव्यावर?

तुम्हाला सांगतो, आमची अनुजा लोअर परळला एका टेस्टिंग लॅबमध्ये आहे. जुन्या गिरणीच्या आवारात पत्र्याची खोली, तिच्यात जोरदार रेडिओ लहरी सोडायच्या आणि गिऱ्हाईकाचं यंत्र त्यात टिकतं का ते बघायचं. आत माणूस असताना लहरी नकोत, म्हणून दाराला चुंबकावर चालणारा स्विच. दार उघडलं की रिले, म्हणजे विजेचा खटका, पडतो, टक आवाज होतो, लहरी बंद. हे मला पोरीनेच शिकवलेलं. मी गेलो होतो डबा द्यायला. ती अँटेना फिरवायला आत शिरली. मी कान दिला. टक वाजलं का? नाही वाजलं.

पॅनेलवर मशीन चालवणारा गुणाजी. म्हटलं, अरे टक कुठंय? तो मान वर न करता, "काका, टेन्शन कशाला घेता, मी बटणाने बंद केलंय की." आणि विसरलास तर? "आजवर विसरलोय का?" अहो, माझी हयात बातमीदारीत गेली, प्रत्येक अपघाताच्या जागी मी हेच वाक्य लिहून घेतलंय...

चौकट चाचपली, तर स्विचवर चिकटपट्टीने फ्रिजवरचं चुंबक लावलेलं, आंब्याच्या आकाराचं. स्विचला वाटतं दार लागलंय. हे कशाला? तर खंडेनवमीला मशीनची पूजा झाली, चौकटीला झेंडूचं तोरण बांधलं, ते मधे येतं, दार बसत नाही, स्विच लागत नाही, मशीन चालत नाही. मालक जयवंतराव देवगडचे. हात जोडून म्हणाले, "तोरण वर्साचा आसता, साहेबांनू. मधीच काढूचा नाय." म्हटलं, वर सरकवा. "पूजेचा हलवूचा नाय." म्हटलं, छापीन. तेवढ्यात अनुजा बाहेर येऊन कानाशी, "छापा ना बाबा. उद्यापासून मी डबा घरीच खाईन."

मग मीच तावातावाने हात वर केला. बिल्डरांशी भांडलोय, मंत्र्यांना उभं-आडवं घेतलंय, हे वाळकं तोरण काय... आणि हात तिथेच थांबला. पोर रोज या दारातून आत जाते. पूजेचं तोरण बापाने तोडायचं, आणि उद्या काही झालं तर? मी देव मानत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. तोरणाला ठाऊक असेल कशावरून?

तेव्हापासून रोज दारात स्टूल टाकून बसतो. अनुजा आत निघाली की मी मशीनची किल्ली फिरवून काढायची, म्हणजे तोच रिले पडतो, आणि खिशात टाकायची. टक वाजलं का? वाजलं. मग जा. अनुजा म्हणते, लॅबमधले लोक हसतात. हसू देत.

परवा ती आत असतानाच माझ्या पोटात कळ आली, तसाच उठून नायगावला घरी आलो. किल्ली खिशातच. पाठोपाठ फोन. "बाबा, सगळं काम ठप्प आहे. जयवंतराव डोक्याला हात लावून बसलेत. किल्ली घेऊन या आधी."

म्हटलं, तू कुठे आहेस?

"दारातच. आता आत जातेय, अँटेना लावायची राहिलीय."

पायात चप्पल सरकवली होती, ती काढून ठेवली. म्हटलं, सावकाश लाव बाळा... बस येत नाहीये.