महाराज गेले

मावशीच्या मेसेजमध्ये टोमणा नव्हता, तिथेच मला खटकलं. आम्ही दोघी एकमेकींना कादंबऱ्या देतो. तिने दिलेल्या प्रेमकथेबद्दल मी लिहिलं होतं, "नायक पानोपानी रडतो, मला नाही आवडला." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं असतं, "तुला काय कळतंय." त्या दुपारी दोनच शब्द आले, "महाराज गेले."

आमच्याकडे महाराज म्हणजे मावशीचे यजमान, आमचे काका. खुर्चीतून न उठता हुकूम सोडतात, म्हणून ते नाव. महिन्यापूर्वीच त्यांच्या छातीत दुखलं होतं.

मी हैदराबादेतल्या तारनाक्याहून काचीगुड्याला, मावशीच्या घरी जायला ऑटो पकडला आणि पाच वेळा फोन लावला. मावशी उचलेना. माझं सारखं फोन लावणं बघून ऑटोवाला म्हणाला, "टेन्शन नक्को लो अम्मा, उठाते."

सहाव्या वेळी फोन उचलला गेला.

"तू दिलेली ती ऐतिहासिक कादंबरी वाचून तुझी मावशी तासभर रडतेय," महाराज स्वतः गरजले. "माझा चहा राहिलाय. शेवट असा आहे हे आधी सांगायला काय झालं होतं?"

काय सांगणार? मी ती लढायांना कंटाळून अर्ध्यातच सोडली होती.