आईसाठी उतरवला डॅशबोर्ड

...तक्रार नाही हं माझी, नुसतं सांगतो, पण हा हीटर कोअर आधी ठेवून मग त्याच्याभोवती गाडी बांधतात का हो? वहीएवढी जाळी, तिच्यात इंजिनचं गरम पाणी खेळतं, त्यावरून वारा गेला की आत ऊब, संपलं! ती आमची गळायला लागली. पायाखाली तळं, काचांवर वाफ, आणि ऊब? नावाला नाही! बरं, आई रविवारी हॉस्पिटलमधून घरी यायची, न्यूमोनियातून उठलेली, डॉक्टरांनी बजावलेलं, "गार वारा अजिबात लागता कामा नये!" मेकॅनिक म्हणतो, "साहेब, अख्खा डॅशबोर्ड उतरवायला लागतो... गाडी ठेवून जा, पुढच्या आठवड्यात बघू." म्हटलं, तू बघत बस, मी घरीच बदलतो!

बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला नळाचा वॉशर बसवता येत नाही." तक्रार नाही हं, खरंच येत नाही.

तर तुम्हाला सांगतो, स्टिअरिंगखाली डोकं, छताकडे पाय, अशा अवस्थेत मी डॅशबोर्ड उतरवला! आणि शहाणपणा बघा, अंगणात चादर पसरून एकेक स्क्रू जिथून निघाला त्याच जागी मांडला, डावीकडचा डावीकडे, आतला आत. चादरीवर अख्खा डॅशबोर्ड, नुसता स्क्रूंचा! जुना कोअर काढला, नवा बसवला, पाइप आवळले, छाती फुगवून चहा प्यायला आत गेलो. बाहेर येतो तर... चादर घडी घालून खुर्चीवर!

आमचे बाबा जन्मभर कारखान्यात स्टोअरकीपर. रिटायर झाले, पण हात कुठे रिटायर होतात? म्हणाले, "काय रे हा पसारा! लावून ठेवलंय सगळं. लांब स्क्रू या डब्यात, आखूड त्या डब्यात, वॉशर वेगळे. आता माग, हवा तो देतो!" अहो, हवा तो कुठला हेच तर चादरीवर होतं! पण बोलणार काय? आई नाही म्हणून चार दिवस घरभर नुसते येरझारा घालणारा माणूस, पहिल्यांदाच खुशीत दिसत होता. मी आपला म्हणालो, "बाबा, लांबातला एक द्या."

अंदाजाने सगळं बसवलं. मूठभर स्क्रू उरले. बाबांनी तत्परतेने त्यांचाही वेगळा डबा केला!

रविवारी आईला मागे बसवलं, तिच्या शेजारी बाबा. हीटर लावला आणि काय सांगू, भट्टी हो भट्टी! आई म्हणाली, "अगंबाई, काय छान ऊब आहे!" मी धन्य झालो. जरा वेळाने, "पुरे रे आता, कमी कर." बटण फिरवलं, नुसतंच फिरलं, ना कमी ना बंद. गरम हवा अडवणारी पट्टी ज्या स्क्रूवर असते, तो घरी डब्यात!

"उकडतंय रे, काच खाली कर."

"आई, गार वारा नको म्हणालेत डॉक्टर."

बाबा कडाडले, "तिला उकडतंय म्हणते ना? मग कर तुझी काच खाली! तिची नको!"

झालं! भर थंडीत पायाला भट्टी, कानाला बर्फ, असा मी घरापर्यंत आलो. आई? ठणठणीत! मला मात्र आठवडाभर अंथरूण. आणि उशाशी वाफारा घेऊन बसलेली तीच आई विचारते, "कमाल आहे बाई, एवढा हीटर असलेल्या गाडीत तुला सर्दी झालीच कशी?"