मिस्ड कॉल आल्यानंतरही मामा शिडीने वर गेले त्याबाबत

जबाब देणार: टॅक्सी सेवेचा फोन सांभाळणारा, घरी व धंद्यात 'कंट्रोल' या नावाने ओळखला जाणारा. वय २४ वर्षे. शिक्षण नववी पास, दहावीला बसलो नाही. धंदा: टॅक्सी सेवा, भागीदारीत. राहणार: बसस्थानकामागील गल्ली, टायरच्या दुकानावरचा मजला.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून लिहून देतो की, मी वरील पत्त्यावर माझी थोरली बहीण (ताई) व आईचे भाऊ (मामा) यांच्यासह राहण्यास असून आम्ही तिघे मिळून टॅक्सी सेवा चालवतो. ठाण्याचे लेखनिक रजेवर आहेत. माझे अक्षर पाहून ठाणे अंमलदार यांनी हा जबाब मला स्वतःलाच लिहिण्यास सांगितले. प्रत्येक शब्द तपासून लिहीत असल्यामुळे वेळ लागत आहे. अंमलदारांनी तशी आठवण करून दिली आहे.

मामा व मी पूर्वी एका मोठ्या टॅक्सी कंपनीत होतो. मामा गाडीवर, मी फोनवर. ती कंपनी बंद पडली तेव्हा मामा म्हणाले की आता दुसऱ्याच्या गाडीची काच पुसणार नाही, पुसायची तर स्वतःची पुसू. त्याप्रमाणे दोन जुन्या गाड्या घेतल्या. एक मामा चालवतात, दुसरी ताई चालवते. ताईने आधी शाळेची व्हॅन चालवली असल्यामुळे तिला गर्दीची व आरडाओरड्याची सवय आहे. मी गाडी चालवत नाही. मामांनी मला शिकवण्याचा प्रयत्न केला होता. मी प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी थांबून दोन्हीकडे नीट पाहत असे, त्यामुळे मागे रांग लागे व लोक बोलत. ते शिकवणे थांबले.

सेवा सुरू झाली त्या दिवशी पहिला फोन टायरसाठी आला. टायरच्या दुकानाच्या पाटीला लागूनच आमची पाटी असल्यामुळे त्या गृहस्थांचा घोटाळा झाला होता. मी त्यांना दुकान नीट समजावून सांगितले. संध्याकाळी टायरवाले वर येऊन म्हणाले, "तू माझं गिऱ्हाईक मला पाठवलंस, आता मी तुझं तुला पाठवतो." तेव्हापासून ज्यांची गाडी त्यांच्याकडे चाके काढून ठेवलेली असते, ते लोक आमच्या टॅक्सीने घरी जातात. धंदा असा उभा राहिला. आज दोन्ही गाड्यांना दिवसभर काम असते. आम्ही समाधानी आहोत. हे वाक्य मी विचार करून लिहिले आहे.

आमच्या सेवेत एक नियम आहे. तो या प्रकरणाशी संबंधित असल्यामुळे सविस्तर लिहितो. पॅसेंजरला घरी सोडल्यावर चालकाने लगेच निघायचे नाही. पॅसेंजरने घरात जाऊन दार लावले की सेवेच्या नंबरवर एक मिस्ड कॉल द्यायचा. तो मी उचलत नाही. मग मी चालकाला "आला" एवढेच कळवतो आणि गाडी निघते. मिस्ड कॉल आला नाही तर मी फोन करून पाहतो. तरीही उत्तर नसेल तर चालकाने वर जाऊन खात्री करायची. हा नियम मी केला. सुरुवातीच्या दिवसांत वयस्कर माणसे घरी सोडली की ती जिन्यात पडली तर नसतील, किल्ली हरवली तर नसेल, असे माझ्या मनात येत राही व घास उतरत नसे. मामा म्हणाले, "तुझा जीव टांगणीला ठेवण्यापेक्षा त्यांनाच विचारू." ताई आधी वैतागली. तिचे म्हणणे होते की आपण गाडी चालवायची की पहारा द्यायचा. पण लोकांना नियम आवडला. मुले परगावी असलेल्या घरांतून फोन येऊ लागले की आमच्या आईला तुमच्याच गाडीने पाठवा. आता ताईसुद्धा मिस्ड कॉल येईपर्यंत इंजिन चालू करत नाही.

सिस्टर या आमच्या नेहमीच्या पॅसेंजर आहेत. त्या इस्पितळातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या असून सगळा भाग त्यांना सिस्टर म्हणतो. चष्म्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, एकट्या राहतात. दर मंगळवारी दुपारी त्यांना गुडघ्याच्या व्यायामासाठी नेऊन आणावे लागते. ही फेरी मामा करतात. ताईने एकदा ती फेरी मी करू का असे विचारले असता मामा म्हणाले, तो जिना, तो गुडघा, तुला जमायचं नाही. ताई रोज पॅसेंजरांना हात देऊन उतरवते, त्यात न जमण्यासारखे काय आहे ते मला समजले नाही. पण मी वेळापत्रक बदलले नाही. मंगळवारी मामा इस्त्रीचा शर्ट घालतात. ताई विचारते, "मामा, आज कोणाचं लग्न?" मामा म्हणतात, "धंद्यात नीटनेटकं राहावं लागतं." बुधवारीही धंदा तोच असतो. हे केवळ वस्तुस्थिती म्हणून नोंदवत आहे.

पूर्वी सिस्टरांचा मिस्ड कॉल लगेच येत असे. गेल्या काही महिन्यांपासून तो उशिरा येऊ लागला. एकदा न राहवून मी फोन केला. सिस्टर म्हणाल्या, "कंट्रोल, मी गॅलरीत बसलेय. मला काही झालेलं नाही. देते की कॉल, घाई काय आहे?" मी सांगितले की कॉल येईपर्यंत मामांना खाली उभे राहावे लागते. त्या म्हणाल्या, "माहीत आहे मला." त्यांच्यामागे रस्त्यावरून मामांचा आवाज येत होता. जुन्या गाडीचा गिअर कसा चुचकारून टाकावा लागतो, हे ते कोणाला तरी मोठ्याने सांगत होते. सिस्टर हसत होत्या. मामा घरात इतके बोलत नाहीत. मी फोन ठेवला.

आज मंगळवार. चारच्या सुमारास मामांनी सिस्टरांना घरी सोडले. आज मिस्ड कॉल लगेच आला. मी मामांना "आला" असे कळवले. मामा "बरं" म्हणाले. त्यांची पुढची फेरी पाचची होती, त्यामुळे मला काळजीचे कारण नव्हते. थोड्या वेळाने या ठाण्यातून फोन आला की तुमचा माणूस आमच्याकडे आणला आहे. मी खोलीला कुलूप लावले, ते लागल्याची ओढून खात्री केली व धावत आलो.

येथे आल्यावर मला समजले की, चष्म्याच्या दुकानाच्या मालकांनी तक्रार दिली आहे. ते आपल्या पाटीवरचा दिवा बदलत होते. दिवा आणण्यासाठी ते आत गेले असता मामांनी त्यांची शिडी उचलून सिस्टरांच्या गॅलरीला लावली व वर चढू लागले. मालकांनी बाहेर येऊन आरडाओरडा केला. माणसे जमली. गस्तीवरच्या शिपायाने मामांना खाली उतरवून ठाण्यात आणले. मालक माझ्यासमोर अंमलदारांना म्हणाले, "दर मंगळवारी यांची गाडी माझ्या दारात. गिऱ्हाइकानं यायचं कुठून? आणि हे गृहस्थ बॉनेटला टेकून वर बघत उभे. मी घरी म्हणालो होतो, हा माणूस आज ना उद्या चढणार." शिडी न विचारता नेली, हेही त्यांनी अनेकदा सांगितले.

अंमलदारांनी मामांना वर कशासाठी चढलात असे विचारले. मामा म्हणाले, "काम होतं." कसले काम, असे विचारले. मामा म्हणाले, "होतं." एकट्या बाईमाणसाच्या घरात कसले काम, असे विचारले. मामा टेबलाच्या पायाकडे पाहत राहिले.

गुन्हा नोंद झाला तर प्रकरण मिटेपर्यंत मामांचा चालकाचा बॅज जमा होईल, असे अंमलदारांनी मला समजावून सांगितले. ते मला आधीपासून माहीत होते. बॅज जमा झाला तर एक गाडी बंद राहील व एका गाडीवर सेवा चालणार नाही. शिवाय मामा घरी बसून राहतील. मामी वारल्या त्यानंतर मामा घरी बसून राहिले होते. तेव्हाचे मामा मी पाहिले आहेत.

मी अंमलदारांना मिस्ड कॉलचा नियम सांगितला. त्यांना तो पसंत पडला. ते म्हणाले, "मग सोपं आहे. कॉल आला नाही, म्हणून हे बघायला वर गेले. असंच ना?"

मी मामांकडे पाहिले. ते माझ्याकडे पाहत नव्हते. मी पाणी मागितले. पाणी प्यायलो व ग्लास जागेवर ठेवला. नंतर सांगितले की, मिस्ड कॉल आला होता.

अंमलदार म्हणाले, "नीट आठव." मी म्हणालो की नीट आठवते. मीच मामांना कळवले. लोक आपली आई आमच्या गाडीत बसवतात ते मी "आला" म्हणालो म्हणजे आला, या भरवशावर. तो शब्द मी येथे बदलला तर उद्या फोनवर कोणत्या तोंडाने बोलणार? यानंतर मामा म्हणाले, "बरोबर सांगतोय तो. तसंच लिहू द्या." मला पेन देण्यात आले.

येथपर्यंत लिहून झाले असता ताईच्या गाडीतून सिस्टर ठाण्यात आल्या. सोबत एक सुतार होता व त्याच्या हातात दाराची मोडलेली कडी होती. ठाण्यात आल्यावर माझा फोन बंद ठेवण्यात आला होता. त्यामुळे सिस्टरांनी सेवेच्या नंबरवर केलेले फोन लागले नाहीत, म्हणून त्यांनी ताईला बोलावले. ताई सुतार घेऊन गेली व मामांना ठाण्यात नेल्याचे तिला तेथे रस्त्यावर समजले. सेवा सुरू झाल्यापासून हा फोन कधी बंद नव्हता. पाचच्या फेरीचे पॅसेंजर खोळंबले असतील. येथून निघाल्यावर मी त्यांची माफी मागणार आहे.

अंमलदारांनी सिस्टरांना खुर्ची दिली. त्या म्हणाल्या, "बसले की उठायला वेळ लागतो. उभ्यानंच सांगते." त्यांनी सांगितले ते असे. घरात गेल्यावर त्यांनी आधी मिस्ड कॉल दिला. मग गॅलरीत येऊन मामांना वर या म्हणून सांगितले. दार उघडायला गेल्या तर कडी सरकेना. पुन्हा गॅलरीत येऊन त्यांनी मामांना तसे सांगितले. मामा म्हणाले, जोर लावू नका, मी गॅलरीतून येऊन आतून बघतो. सिस्टर कडीला तेल घालायला आत गेल्या. बाहेर गलका ऐकू आला, पण गुडघ्यामुळे गॅलरीत पोहोचेपर्यंत खाली कोणी उरले नव्हते. मग कडी तोडेपर्यंत त्या आतच अडकून होत्या.

अंमलदारांनी विचारले की, मिस्ड कॉल दिला होता, म्हणजे चालकाचे काम संपले होते, मग त्यांना वर कशासाठी बोलावले?

सिस्टर म्हणाल्या, "काम संपलं म्हणूनच. ड्यूटीवरच्या माणसाला चहाला कसं बोलवायचं? मीही नोकरी केलीय. किती दिवस मनात होतं, आज म्हटलं, आधी कॉल देऊन त्यांना मोकळं करावं आणि मग विचारावं."

ताई भिंतीवरची सूचना वाचत होती. सूचना दोनच ओळींची आहे. ती तिने बराच वेळ वाचली.

अंमलदारांनी मामांना विचारले, "अहो, मग हे सांगायला काय झालं होतं?" मामा म्हणाले, "बोलावलं त्यांनी. मी कसं सांगणार?"

चष्मेवाले मालक म्हणाले की ते सगळे ठीक, पण शिडी? सिस्टरांनी विचारले, "मोडली का?" ते म्हणाले, "मोडली नाही, पण माणसानं विचारावं." सिस्टर म्हणाल्या, "पुढच्या वेळी जिन्यानं येतील. कडी नवीन बसवतोय हा." मालकांनी "पुढच्या वेळी?" असे विचारले. सिस्टरांनी त्याचे उत्तर न देता सांगितले की यापुढे गाडी मागच्या फाटकातून आत लावली जाईल, म्हणजे दुकानाचे तोंड मोकळे राहील. ही गाडी तेथे किती वेळ उभी राहील, असे मालकांनी विचारले नाही. आपली तक्रार नाही असे त्यांनी अंमलदारांना लिहून दिले. मात्र चढण्याची इतकी हौस असेल तर पाटीवरचा दिवाही लावून द्यावा, असे ते मामांना म्हणाले. मामांनी ते कबूल केले.

सेवेच्या वतीने मी असे लिहून देतो की, मंगळवारची पाचची फेरी यापुढे ताई करील. तिने ते स्वतःहून सांगितले आहे. मिस्ड कॉल आल्यानंतर चालक कोठे जातो याबद्दल आमच्या सेवेत कोणताही नियम नाही व तसा नियम करण्याचा माझा विचार नाही. मामांबद्दल माझी काही तक्रार नाही.

हा मजकूर अंमलदारांनी सर्वांसमोर मोठ्याने वाचला. वाचून होताच मामा म्हणाले की शर्टाचे आणि चहाचे इतके लिहिण्याची गरज नव्हती, तेवढे खोडून टाकावे. मी खोडण्यासाठी पेनचे टोपण काढले. सिस्टर आता मामांच्या शेजारी बाकावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "राहू दे रे. बरोबर आहे ते." मामांनी शर्टाची बाही सारखी केली. त्यामुळे वरील जबाबात काहीही खोडलेले नाही व मी त्याखाली सही करत आहे.