सात वर्षांचे गुण

कम्युनिटी कॉलेजच्या नर्सिंग विभागाबाहेर सगळे प्रवेशाच्या सोडतीची यादी लागायची वाट बघत बसले होते. तेवढ्यात शेजारच्या बाकावर लेक आणि सहा वर्षांची नात घेऊन बसलेल्या आजींनी मक्याच्या वाफवलेल्या तमालेंच्या डब्याचं झाकण टक्‌कन उघडलं आणि माझ्या मांडीवरचं बाळ दचकलं.

"अर्धा तमाले तरी खा गं, येसेनिया. आज काही परीक्षा नाही."

"नको, आई. सोडतीत यंदाही नाव नसलं तर माझे शरीररचनेचे गुण बाद. सातच वर्षं धरतात."

"सात वर्षांत माणसाची हाडं बदलतात की काय?"

"खिडकीतल्या बाईंना विचार."

"विचारते की. ही पोटात असताना पेपर दिलास, मग हिच्यासाठी घरी बसलीस, तेही सांगते."

"काही सांगू नकोस. यादी लावतायत."

पोरीने येसेनियाची बाही ओढली.

"आई, मी झालेच नसते तर तू केव्हाच नर्स झाली असतीस?"