ओठासकट हिरडी

विश्वास कोणावर ठेवायचा रे, मशीनवर की चिमटीवर? मी चिमटीत धरून कापडाची जाडी सांगणारा माणूस. नवा दात बसवायला कामतघरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, तर त्या म्हणाल्या, "काका, आधी स्कॅनमध्ये हिरडीची जाडी बघू. पातळ निघाली तर टाळूचा तुकडा काढून तिथे शिवावा लागेल."

टाळूचा तुकडा! मी तर खुर्चीतून उठायलाच लागलो.

पण स्कॅन आला आणि हिरडी निघाली चांगली जाडजूड. मी म्हटलं, "बघा, कॅनव्हास आहे कॅनव्हास! शिवणकाम रद्द."

बाई स्क्रीनकडे बघतच राहिल्या. "काका, ओठ हिरडीपासून लांब धरायला प्लास्टिक लावलं होतं, ते कुठंय?"

"खिशात. लाळ गळत होती, म्हणून मशीन फिरायच्या आधी काढलं."

"मग ओठ हिरडीला चिकटला आणि दोन्ही मिळून एकच दिसतंय. माझे वडील कापडाच्या लूमवर कामाला होते, काका. दुहेरी घडी दाखवून कापड जाड म्हणून विकणारे मी लहानपणापासून बघतेय."

दुसऱ्या स्कॅनमध्ये मलमल निघाली. टाळूला अजून टाके आहेत.

तेव्हा दोस्ता, परवा तुझे तागे येतील ना, त्यांची जाडी वहीत लिहिताना दुहेरी घडी मोजून ओठासकट हिरडी लिहू नकोस. हिशेब सरळ ठेव.