बाभळीची जीभ

(मंजुश्री लातुरात, खोलीवर, लॅपटॉपवर घंटेचा आवाज जुळवतेय. तिचे अप्पा गुरुपादप्पा आणि अव्वा महानंदा देवणीजवळच्या शेतात, गोठ्यात वानेऱ्या बैलाजवळ. फोन चालू आहे.)

मंजुश्री : बरं, आता ऐका. ही बसव्याच्या घंटेच्या जवळ आली का?

अप्पा : ही तर शाळा सुटल्याची घंटा. बसव्याच्या गळ्यात शाळा होती काय?

अव्वा : आवं, लेकरू सकाळपासून त्या लॅपटॉपला चिकटलंय. नीट सांगा की.

अप्पा : काय सांगू? आवाज काय भाजी हाय, मीठ कमी म्हणायला?

मंजुश्री : तसंच सांगा अप्पा. कमी-जास्त करायला माझ्याकडं बटणंच बटणं हायेत. वानेऱ्यानं काही खाल्लं का?

अव्वा : कुठलं गं! जोडीचा बसव्या गेला तवापासून तोंडात घास न्हाई. नुसता दाव्याला हिसके द्यायलाय, भिताडाला शिंगं घासायलाय. आंधळा जीव. बसव्याची घंटा वाजली की चालायचा, वाजली की खायचा. डॉक्टर म्हणले, असाच राहिला तर ह्योबी जाईल.

मंजुश्री : अन् बाजारातली नवी घंटा?

अव्वा : वाजवली की. मान झाडून उभा राहिला. मी म्हणते, खड्डा उकरा अन् बसव्याचीच काढा...

अप्पा : महानंदा! आपल्या घरचा बैल साज घेऊनच मातीत जातो. माझ्या बापानंबी तसंच केलं. पुरल्यालं उकरायचं न्हाई.

अव्वा : मग ह्योबी मेला की ह्याचाबी साज पुरा!

मंजुश्री : भांडू नका ओ. पोळ्याच्या व्हिडिओत ती घंटा सापडंल म्हणून बघितलं, तर मूळ आवाज काढून मीच त्यावर गाणं चिकटवलेलं. माझी अक्कल! बरं, हे ऐका. ठोक्यामागं जो आवाज घुमत राहतो ना, तो कापला.

अप्पा : हां, हे बरं हाय. पण लई टणटणीत वाजायलंय. घंटेतली लोखंडी जीभ तुटली, तवा मी बाभळीची बसवली होती.

मंजुश्री : अन् हे आत्ता सांगताय? अहो, लाकडाचा ठोका बोथट असतो! थांबा... हे बटण जरा मागं... हं. आता?



अव्वा : तुझे अप्पा बाहीनं डोळे पुसायलेत.

अप्पा : बंद कर ते. मेल्याचा आवाज काढून जित्याला फसवायचं? पाप हाय. मला हितं उभं राहवंना, मंजू.

मंजुश्री : मला तरी कुठं सहन होतंय? त्या दोघांच्या गाडीत बसून शाळेला गेलेय मी. पण उपाशी मारण्यापरीस फसवलेलं बरं. अव्वा, पोळ्याचा स्पीकर फोनला जोड अन् बसव्याच्या जागेवर गव्हाणीत ठेव.

अव्वा : ठेवला. वाजव... कान टवकारले गं! पण जागचा हलंना.

मंजुश्री : का? आवाज तर तोच हाय ना अप्पा?

अप्पा : आवाज तोच हाय. पण घड्याळावानी वाजायलाय. बैल असा मान हलवतो का कधी? कडबा ओढला की एकदा जोरात वाजायची. चावताना बारीक. मधीच गप.

मंजुश्री : मग आपोआप वाजणं बंद करते. बोटानं वाजवते. तुम्ही सांगा.

अप्पा : मी?

अव्वा : सांगा हो. तुमच्याइतकं कुणी बघितलंय त्याला खाताना?

अप्पा : ...ओढ. हां. चाव. चाव, चाव. गप. आता परत ओढ.

अव्वा : अगं माय! आला! तोंड घातलं गव्हाणीत! खायलाय मंजू, खायलाय!

मंजुश्री : खरंच? अव्वा, खरं सांग!

अप्पा : गप बसा गं दोघी. चाव. चाव. ओढ.

अव्वा : किती हावरटावानी खायलाय बघा... आता थांबला. निम्मा कडबा ठेवून बाजूला सरकला. रोजच्यासारखा. बसव्याचा वाटा ठेवलाय गं त्यानं.

मंजुश्री : मग बंद करू का अप्पा? त्याचं झालं.

अप्पा : ह्याचं झालं. बसव्याचं व्हायचंय अजून. ओढ.